विहीणबाईंना सांगायचं एक वाक्य

लेक लग्न करून फ्रान्सला गेली आणि एकदा फोनवर हसत हसत सांगून बसली, "इथं एकदाच विचारतात, बाबा. मी सवयीनं नको म्हणते, अन् भांडं पुढं निघून जाते." आमच्या धाड गावात पाहुण्यानं आधी नको म्हणायचं आणि घरच्यानं वाढायचंच, ही रीत. पोरगी ती रीत सोबत घेऊन गेली आणि सासूच्या टेबलावरून अर्धपोटी उठू लागली. तिच्या आईला त्या दिवशी घास गोड लागला नाही. "तूच सांग ना सासूले," म्हटलं, तर पोरीला लाज वाटते. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. मग मीच फ्रेंच शिकायचं ठरवलं.

मोबाइलवर क्लास लावला. मी गणिताचा निवृत्त मास्तर. वर्गात 'काऊन' विचारणाऱ्या पोराला आयुष्यभर 'पाठ कर' म्हणत आलो. आता मीच विचारत सुटलो. टेबल बाई काऊन? पुस्तक गडी काऊन? शेवटची अक्षरं बोलायचीच नाहीत, तर लिहायची काऊन? विहिणीला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? पुण्याच्या मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या. गोड आवाजात म्हणायच्या, "काका, पाठ करा."

केलं पाठ. 'ती नको म्हणाली तर पुन्हा विचारा', एवढं एकच वाक्य. अंघोळीत घोकलं, दळण आणताना घोकलं. गिरणीवाला माझ्याकडं काळजीनं बघायचा.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला, तेव्हा तिकडं जेवणं चालली होती. मी धीर करून वाक्य म्हणून टाकलं. लेकीनं मान खाली घातली. विहीणबाई भराभर काहीतरी बोलल्या. उत्तरही येईल, हे मी धरलंच नव्हतं. मी नुसता 'वी, वी', म्हणजे 'हो, हो', करत राहिलो.

त्यांनी भांडं उचलून लेकीला विचारलं. ती नको म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. लेक पुन्हा नको म्हणाली. विहीणबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. सांगितलं तसं केलं होतं बिचारीनं.

बायकोनं मला कोपर मारलं. "तीनदा विचारा लागते म्हणा त्याईले. आपली पोरगी तिसऱ्या वेळी घेते."

तीनला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते ऐन वेळी आठवेना. गणिताचा मास्तर मी. शेवटी मोबाइलसमोर तीन बोटं धरली.

विहीणबाईंनी भांडं परत उचललं, आणि लेकीनं ताट पुढं केलं.