मेसमधली नवी चूल

ओल्या बाभळीच्या धुराचा वास आला, की मला नागपुरातलं आमचं कॉलेजचं होस्टेल आठवतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी विद्यार्थी परिषदेचा सचिव होतो. परिषदेच्या निधीतून गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा आणायचं मी पोरांना कबूल करून बसलो होतो. बैठकीत विज्ञान शाखेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, त्या पैशांतून मेसमध्ये कमी लाकडात चालणारी, धुराडं असलेली चूल बांधू या. सगळे हसले, मीही हसलो. ती चिडली नाही. "मेसमध्ये दहा मिनिटं उभे राहून या, मग नाही म्हणा," एवढंच म्हणाली. मी हट्टानेच गेलो. पत्र्याखाली धूर कोंडला होता आणि स्वयंपाकाच्या मावशी डोळे मिटून, बोटांच्या अंदाजाने पोळ्या उलटत होत्या. "काहून आला गा इकडे? डोळे जळतीन तुहे," असं खोकत म्हणून त्या पदराने मलाच वारा घालू लागल्या. पाच मिनिटांत मी बाहेर पळालो. दुसऱ्या दिवशी चुलीचा ठराव मीच मांडला. पोरं महिनाभर माझ्याशी बोलली नाहीत. नवी चूल पेटली तेव्हा धूर सरळ छपरावरून निघून गेला. मावशी तव्याकडे बघतच राहिल्या. मग त्या मुलीचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, पोळी फुगून राहिली ते दिसते वं मले!" ती मुलगी आज कुठे असेल, ठाऊक नाही. त्या दिवशीच्या हसण्याची माफी तिच्याजवळ मागायची मात्र राहूनच गेली.