नुसती पिशवी धरते

जिन्याखालच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात किल्लीकाका आणि त्यांचं स्टूल, एवढंच मावायचं. तरी लेक आठ वर्षांची झाल्यापासून तीही तिथं मावत होती. शाळा सुटली की दप्तर भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसायची आणि गंजलेली कुलपं खेळायला घ्यायची. बाकीच्या पोरी बाहुल्या खेळतात आणि आमचं रत्न कुलपं खेळतं, असं म्हणून तिची आई कपाळावर हात मारायची. काका बायकोपुढे मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरीसाठी आणखी अवघड कुलूप शोधून ठेवायचे.

विसाव्या वर्षी लेकीचा हात बापाच्या पुढे गेला. काकांना मान वाकडी करून, जीभ दातांखाली धरून, दोन तारांनी जे जमायचं, ते ही गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता करायची. काका तिच्या तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. "कानस जागेवर ठेव," एवढंच म्हणायचे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला मात्र रोज तिचा नवा पराक्रम ऐकावा लागायचा, आणि तो बिचारा पानं मोजायला चुकायचा.

कौतुकाच्या जोडीला धास्तीही होती. कुलपं उघडणारा माणूस दार अडकलं की लोकांना देव वाटतो आणि आळीत चोरी झाली की चोर. काकांनी ते भोगलं होतं. एकोणिसाव्या वर्षी कुठल्याशा घरफोडीत पोलिसांनी त्यांना उचललं. "कुलूप उघडता येतं का?" असं विचारल्यावर ते छाती काढून "येतं" म्हणाले, आणि त्या एका शब्दापायी दोन दिवस चौकीच्या बाकावर बसून राहिले. खरा चोर सापडला तेव्हा घरी आले, पण पोटातली भीती काही गेली नाही.

म्हणून लेकीला नियम होते. पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं. घरमालक शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. कोणी विचारायच्या आत आपणच सांगायचं, मी कोण आणि कशाला आले.

"बाबा, मी कुलूप उघडायला चाललेय, लढाईला नाही," ती हसायची.

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त बाईंचं दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली. लेक गेली. बाईंना गुडघ्यांमुळे उभं राहवेना, म्हणून तिनेच त्यांना लिफ्टने पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीकडे बसायला पाठवलं. नियम मोडला तो असा, दया येऊन. नव्या रखवालदाराला बंद दारासमोर बसून तारा फिरवणारी अनोळखी मुलगी दिसली आणि त्याने पोलिसांना फोन केला. पोलीस आले. बाई खालीच आहेत, असं ती सांगत राहिली. "ते चौकीत सांग," म्हणाले. जाताना वाटेतलं एक दार वाजवायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तिला चौकीत नेण्याचे मात्र घेतले.

निरोप मिळताच काका धापा टाकत पोचले. टेबलावर तिच्या तारा ओळीने मांडलेल्या, आणि लेक ताठ उभी. ती घाबरलेली नव्हती. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "हिला कुलपं उघडता येतात का?"

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न ऐकून काकांना चौकीतला तो बाक आठवला.

"छे हो साहेब," ते म्हणाले, "तिला काय येतंय. नुसती पिशवी धरते. काम सगळं मी करतो."

लेकीने वळून बापाकडे पाहिलं. तारांकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं नाही.

पोरीला नेल्याचं कळून दहा मिनिटांत बाई लंगडत आल्या. याच पोरीने माझं दार याआधी दोनदा उघडलंय आणि आजही मीच बोलावलंय, असं सांगून त्यांनी सगळ्या चौकीची हजेरी घेतली. साहेब ओशाळले. गैरसमज झाला म्हणाले, चहा मागवला. लेक चहाला शिवली नाही.

"पोलिसांचं मला एवढं वाटलं नाही," रस्त्यात ती म्हणाली. "ते मला ओळखत नव्हते."

तीन महिन्यांनी तिने दुसऱ्या गावात चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. आता रविवारी फोन येतो. आईशी अर्धा तास, आणि बापाशी "बरे आहात ना?" एवढंच. काका "बरा आहे" म्हणतात, आणि फोन आईच्या हातात परत जातो.

काका बरे नव्हते. त्यांना लेक हवी होती. उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली, गिऱ्हाइकांना अडचण करणारी, आपल्या बापाला "सरका, मी बघते" म्हणणारी. दोन वर्षं झाली तरी अवघड कुलूप आलं की त्यांच्या तोंडून निघायचं, "हे बघ गं." गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं, आणि काका कानस शोधत असल्याचं सोंग करायचे.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी दुकान उघडलंच नाही. इस्त्रीचा सदरा घातला आणि थेट चौकीत गेले. साहेब बदलले होते. खुर्चीत एक तरुण बसला होता.

"साहेब, दोन वर्षांपूर्वी मी इथं खोटं बोललो," काका म्हणाले. "लिहून घ्या. माझ्या मुलीला कुलपं उघडता येतात. माझ्यापेक्षा चांगली येतात. मी नाही म्हणालो होतो."

साहेबांनी पेन उचललं, काकांकडे नीट पाहिलं आणि परत खाली ठेवलं. "अहो काका, पण यात गुन्हा काय आहे?"

"काही नाही."

"मग लिहू काय?"

'येतात, पण यात गुन्हा काय?' एवढं साधं उत्तर त्या जुन्या प्रश्नाला असेल, हे काकांच्या जन्मात कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाहेरच्या पायरीवरून त्यांनी फोन लावला.

"काय झालं? आई बरी आहे ना?" लेक धसकून म्हणाली.

"बरी आहे," म्हणत त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, आणि त्यावर साहेब काय म्हणाले तेही.

"तेव्हा मी तिथं होते, बाबा," ती म्हणाली. "आज नव्हते."

"म्हणूनच आता तू ये," काका म्हणाले. "तुझ्यासमोर सांगायचंय मला."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नंतर हळूच विचारलं, "खरंच असं म्हणाले? यात गुन्हा काय आहे?"

"खरंच."

मग ती रडायला लागली, चौकीत रडली नव्हती ते सगळं. काकांनी तिला गप्प केलं नाही. ते पायरीवर बसले आणि फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले.