आत्याच्या रिंगला उत्तर

माझं काम सांगितलं की सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेतले लोक विचारतात, "म्हणजे मोबाईल दुरुस्ती?" आता नाही म्हणायचाही कंटाळा आलाय. इंटरनेटवर चालणारा फोन बराच वेळ गप्प राहिला की मधला राउटर त्याला खुशाल विसरतो. मग बाहेरून कॉल आला तरी तो वाजतच नाही. म्हणून फोनने सर्व्हरला अधूनमधून 'मी आहे' एवढं कळवायचं. किती वेळाने कळवायचं, समोरच्याने उत्तर द्यायचं की नाही, यात प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. ती एकसारखी करायचा नियम लिहिणाऱ्या गटात मी आहे. घरून मीटिंगा, आणि मीटिंगांत भांडणं.

घरात तरी काय वेगळं होतं? अप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, जवळच्या मंद्रूप गावी एकटी राहते. खुशाली म्हणून ती रोज मिस्ड कॉल द्यायची. कधी अप्पांना, कधी काकांना, मनाला येईल तसा. एकदा काकांना आला नाही, तर ते डॉक्टरांना गाडीत घालून मंद्रूपला धडकले. आत्या बाजारात वांग्यांवरून हुज्जत घालत होती. अप्पांनी बजावलं, "अक्का, परत असं झालं तर तुला उचलून सोलापूरला आणणार." आत्याचं तोंड एवढंसं झालं. आमच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव गुदमरतो. घर सुटलं तर ती खचेल, हे मला कळत होतं.

मग मीच नियम केला. सकाळी पूजा झाली की एक रिंग, फक्त माझ्या फोनवर. आपण उचलायचं नाही, कारण उचललं की अख्ख्या गावाची खबर ऐकावी लागते. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि एका सकाळी रिंग आलीच नाही. मी तेव्हा मीटिंगमध्ये तावातावाने सांगत होते की सर्व्हरने उत्तर द्यायची काही गरज नाही, उगाच भार. तेवढ्यात अप्पांनी दारातून विचारलं, "अक्काची रिंग आली का गं?" मीटिंग सोडून मी तिला फोन लावला. तिचा फोनही बंद. आम्ही तसेच निघालो.

आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली.

"आला व्हय? चहा टाकते."

"आत्या! रिंग का नाही दिलीस? जीव गेला असता आमचा!" मी ओरडलेच.

"रोज वाजवते की मी. तिकडनं हूं न्हाय की चूं न्हाय. तुमी बरे हाय का न्हाय, मला कुटनं कळायचं? म्हनलं, बंद करून बघावं, कोन येतंय का."

अप्पा 'सामान भर' म्हणायला आले होते. ते तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागले. मला रडूही आलं आणि रागही.

नियम बदलला. तिच्या रिंगला अप्पांनी उलट रिंग द्यायची. मीटिंगमध्येही मी अचानक उत्तराच्या बाजूने बोलायला लागले. कारण विचारलं तर मी म्हणाले, फील्ड टेस्ट झाली.

परवा अप्पा शेजाऱ्याशी गप्पा मारत बसले आणि रिंग द्यायचं विसरले. दुपारच्या आत आत्या दारात हजर, एसटीने आलेली, धापा टाकत. अप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून तिने पदराने डोळे पुसले.

"धडधाकट हायस की! चल, पिशवी भर. नियम म्हंजे नियम. तुला मंद्रूपला नेते."

अप्पा निमूट पिशवी शोधायला लागले.