पेशीबाई आणि त्रेचाळीस अंश

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. घरी सासूबाई याहून वाईट नावं ठेवत. "कुणाच्या कोण पेशींना खाऊ घालायला रविवारीसुद्धा धावतेस, आणि इथे जिवंत माणसं ताटं घेऊन बसलीत!" पेशीबाई चपला घालता घालता म्हणायची, "त्या कुरकुर करत नाहीत, आई."

बावीस वर्षं तिचं काम एकच. काचेच्या बशांमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, दिवसाआड त्यांना पोसणारं गुलाबी पाणी बदलायचं, आणि जिवंत किती, मेल्या किती ते मोजायचं. प्रयोगशाळेचा सगळा संसार एका जनुकावर चालला होता. निरोगी शरीरात थकलेल्या, बिघडलेल्या पेशी वेळ झाली की आपणहून मरतात. या जनुकापासून तयार होणारं प्रथिन त्यांचं मरण थोपवून धरतं. प्रमाणात असलं तर ते बरंच. पण काही कॅन्सरच्या पेशी ते भरमसाट बनवतात आणि मग जागा सोडायचं नाव घेत नाहीत. मोठ्या सरांना या प्रथिनाला गप्प बसवणारं औषध शोधायचं होतं. अकरा वर्षं ते शोधत होते. तेवढ्या काळात त्यांचे केस गेले, परदेशाच्या नऊ वाऱ्या झाल्या, खोलीत नवा गालिचा आला. पेशी मात्र ठणठणीत होत्या.

एका सोमवारी औषध घातलेल्या बाराच्या बारा बशांमधल्या पेशी मेलेल्या निघाल्या. बिनऔषधाच्या बशांमधल्या मजेत होत्या. सरांनी आनंदाने पेशीबाईच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग भान येऊन ती टेबलावर मारली.

पेशीबाईच्या डोक्यात मात्र एक गोष्ट खुपत होती. औषधाच्या बशा नव्या इन्क्युबेटरमध्ये होत्या, बाकीच्या जुन्यात. तिने पेशींना ऊब देणाऱ्या त्या नव्या कपाटाचं दार उघडलं, तर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. बाहेरचा आकडा सदतीस अंश सांगत होता. तिने स्वतःचा तापमापक आत ठेवला. त्रेचाळीस.

ती तशीच सरांकडे गेली.

"आकडा सदतीस दाखवतोय ना?" सर म्हणाले.

"आकडा दाखवतोय, सर. आतली हवा त्याचं ऐकत नाहीये."

"बाई, तुम्ही पेशी सांभाळा. विज्ञान मी सांभाळतो."

बुधवारी पेपरात नव्या औषधाची बातमी आणि फोटो आला. सर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून गंभीरपणे बघत होते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद होता, हे फक्त पेशीबाईच्या लक्षात आलं.

तिने गुपचूप सगळा प्रयोग पुन्हा लावला, या वेळी साऱ्या बशा जुन्या इन्क्युबेटरमध्ये. पाचव्या दिवशी मोजलं. एकाही बशीतल्या पेशी मेल्या नव्हत्या. औषधातल्या पेशी तर जरा जास्तच गुबगुबीत दिसत होत्या. सरांनी कागद बघितला आणि पालथा घातला. "तपासणी समिती येऊन जाऊ दे. मग बघू."

समितीच्या आधी एक बसचालक आला. खाकी गणवेश, काखेत बायकोची कॅन्सरची फाइल. तो दारातच पेशीबाईला म्हणाला, "ते नवं औषध कुठे मिळेल? हिची इस्पितळातली सुई बंद केली आम्ही. दोन वेळा चुकवली. म्हटलं, चांगलं येतंय तर कशाला हाल करून घ्यायचे?"

पेशीबाईने हातातली बशी खाली ठेवली.

"दादा, औषध नाहीये."

"पेपरात आलंय."

"पेपरात फोटो आलाय. आज तिला इस्पितळात घेऊन जा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" तो चिडला.

"नाही. मी मोजते."

तरी त्याला पटेना. मग तिने त्याला आत नेलं, औषधाची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, दिवा लावला. तो बराच वेळ बघत राहिला. "या सगळ्या जिवंत?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. त्याने फाइल उचलली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला.

त्यानंतर तिला समितीची भीती उरली नाही. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी सहज विचारलं, "मेलेल्या पेशी मोजल्या कुणी?" सर हसून म्हणाले, "आमच्या बाईंनी."

"मेल्या होत्या," पेशीबाई म्हणाली, "पण उकाड्याने." आणि तिने दुसऱ्या प्रयोगाचा कागद पुढे केला. सर गालिच्याकडे बघू लागले.

पुढे न्याय झाला, पण जसा होतो तसा. औषध गुंडाळलं गेलं. सरांना एका मोठ्या संस्थेत सल्लागार नेमलं. तिथे म्हणे पेशी वगैरे नसतात, फक्त बैठका असतात. आणि पेशीबाईला वरच्या कार्यालयाकडून लेखी विचारणा आली: यंत्रातला बिघाड वेळीच का कळवला नाही? तिने उत्तरात सोमवारची तारीख, वेळ आणि सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं. पलीकडून पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत फोन आला. बसचालक होता. सुया पुन्हा सुरू झाल्या होत्या, केस गेले होते, पण गाठ लहान होत होती.

"आता बऱ्या आहेत का त्या?" पेशीबाईने विचारलं.

"बरी कसली! दिवसभर मला शिव्या घालते," तो म्हणाला, आणि इतक्या खुशीत म्हणाला की पेशीबाईला स्टूल ओढून खाली बसावं लागलं.