अक्कांचा टाइमर

डीपी जळाली होती, तेल बांधावर गळत होतं आणि शेजारच्या बागेचे नाना मलाच सुनावत होते, "सायेब, तुमचंच आयकलं आमी."

मी वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर होतो. सावद्याकडचा केळीचा भाग माझ्याकडे. डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. आजूबाजूचे सगळे पंप त्याच्यावर. मोटरीला ऑटो लावलेला असतो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्या एकदम उठल्या की फ्यूज उडतो. लोक कंटाळून तिथं जाड तार घालतात. मग तार जळत नाही, डीपी जळते.

म्हणून मी प्रत्येक ऑटोला टाइमर लावायला लावला. आधी नानांची मोटर, मग थोड्या थोड्या वेळानं पुढच्या. लाइनीच्या टोकाला शांताअक्कांची बाग, त्या शेवटी. घरात दुसरं कुणी नाही, घड भरत आलेले आणि वर मे महिना. "मी थांबीन सायेब," त्या म्हणाल्या, "पन लाइट टिकू द्या."

काही दिवस बरं चाललं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, नाना आधी सुरू होतात म्हणजे जमिनीतलं पाणी तेच ओढणार. शेजाऱ्यानं नानांच्या टाइमरचा काटा पाहून आपला तिथंच आणला. त्याचं पाहून त्याच्या शेजाऱ्यानं. बांधाबांधानं काटे सरकत गेले. अक्का सोडून सगळ्या मोटरी पुन्हा एकदम उठायला लागल्या.

"नाना, वेळ वेगवेगळी दिली होती ना?"

"माहा काटा मी हलवला का? लोकायनं पाहून लावला, त्याले मी काय करू?"

मी ऑफिसात माझ्या साहेबांना फोन लावला.

"सर, डीपी आजच पाहिजे. केळी उभी आहे."

"नंबर लावा. आणि रिपोर्टात ते टाइमर आणू नका. ओव्हरलोड लिहा."

मी ओव्हरलोड लिहिलं. लोकांनी पलीकडच्या डीपीवरून केबल ओढल्या. टोकापर्यंत एकही पोचली नाही. पोचवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. नवी डीपी आली तोवर अक्कांची झाडं मधूनच मोडून घडांसकट आडवी झाली होती.

जोडणी झाल्यावर मी त्यांच्या पंपापाशी गेलो. काटा मी लावून दिला होता तिथंच होता.

"आता कितीवर लावू सायेब?" त्यांनी विचारलं.

मला राग आला, त्यांचा नाही. मी काटा फिरवून नानांच्या वेळेवर आणला. लाइनीवर एकट्यानं नियम पाळून डीपी वाचत नाही. पाळणाऱ्याची बाग तेवढी जाते.