बंद रेग्युलेटर

जानेवारीतला दुसरा रविवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. स्टेशन डायरीतली ही नोंद मला अजून तोंडपाठ आहे. याहून मोठ्या गुन्ह्यांच्या वेळा विसरलो.

कळंब तालुक्यातील एका ठाण्याचा मी त्या वेळी प्रभारी होतो. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही. अमुक शेतात आगीचा भडका उडाला, एक बाई भाजली आणि शेतमालकाच्या धाकट्या भावाला सिलिंडरजवळून पळताना पाहिले, एवढे सांगून त्याने फोन ठेवला. नाव न सांगणाऱ्याची माहिती बहुधा अर्धी खरी असते. कोणता अर्धा, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

शेतमालक सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. पाहुण्यांसाठी त्यांनी नागपूरहून बार्बेक्यूचे यंत्र आणले होते. खाली गॅसचा बर्नर, वर विजेच्या मोटरीवर फिरणारी सळई. वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री बांधली होती. सिलिंडर आतच, खोलगट जागेत. विजेचा बोर्ड जमिनीवर होता; प्लगऐवजी उघड्या तारा माचिसच्या काड्या खोचून बसवलेल्या. ताडपत्री करपली होती. सिलिंडर शाबूत होता.

मालकाच्या पत्नीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले होते. मालक पंचनाम्यासाठी थांबले. बांधापलीकडच्या धाकट्या भावावर त्यांचा संशय पक्का होता.

"त्यानंच केलं साहेब. धुऱ्याचा वाद झाला तवापासून बोलणं बंद आहे. माह्या वावरात पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेतली होती त्यानं. मग आज कायले आला?"

प्रश्न रास्त होता. गॅस सुरू होता काय, असे मी विचारले. बंदच होता, यंत्र सुरूच झाले नव्हते, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

पंचांसमक्ष पाहणी करताना मी दोन बटणांपाशी थांबलो. बर्नरचे बटण पूर्ण उघडे होते. रेग्युलेटर मात्र बंद होता. आगीनंतर सिलिंडरजवळ जायची कोणाची हिंमत झाली नव्हती, हे सर्वांनी सांगितले. म्हणजे तो आधीच बंद झाला होता. आग लावायला आलेला माणूस रेग्युलेटर बंद कशाला करील? पंचनाम्यात मी दोन्ही बटणांची स्थिती ठळकपणे नोंदवून घेतली.

धाकट्या भावाला हवालदाराने ठाण्यात आणले. आग लावून नुकसान केल्याचे कलम लागले असते, तर त्याची पुढची वर्षे न्यायालयाच्या आवारात आणि कदाचित तुरुंगात गेली असती. हे त्याला समजावून सांगितले. तरीही त्याचे एकच उत्तर होते : दिवसभर मी माझ्या कपाशीत होतो. त्याच्या डाव्या भुवईचे केस करपलेले होते. हवालदाराने आवाज चढवल्यावर तो अधिकच मिटला.

मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि चहा मागवला. भुवईचा विषय काढला नाही. नागपूरचे ते यंत्र म्हणे अख्खी कोंबडी फिरवते, खरे काय, असे सहज विचारले.

"फिरली कुठं सायब? लाईटच नव्हती."

बोलून गेल्यावर त्याने कप ठेवला आणि मान खाली घातली.

मग सगळे बाहेर आले. यंत्राची चर्चा गावभर होती. ते पाहायला तो धुऱ्यावरच्या तुरीआड उभा होता. सगळे निंबाखाली बसलेले; यंत्रापाशी कोणी नव्हते. गॅसचा वास आला, तशी शपथ मोडून तो आत शिरला, वाकून रेग्युलेटर बंद केला आणि वळला. तेवढ्यात लाईट आली आणि मागे भडका उडाला.

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"शपथ घेऊन बसलो ना सायब. मशीन पाहाले गेलतो, हे लोकाइले कोण्या तोंडानं सांगू?"

"आणि बोर्डाचं बटण? ते काहून बंद केलं नाही?"

त्याला माझे नवल वाटले. "लाईट आली, हे त्यायले कळाले पायजे ना."

मालकांना बोलावले. दवाखान्यात पत्नीच्या हाताला पट्टी बांधून घेऊन ते दोघेही आले. मी पुन्हा विचारले, या वेळी बटणागणिक. तेव्हा कळले, की मुहूर्त साधून त्यांनी रेग्युलेटर, बर्नर आणि मोटर, तिन्ही बटणे सुरू केली आणि त्याच वेळी लाईट गेली. सळई थांबली की कोंबडी एका बाजूने करपेल, म्हणून बर्नर पेटवला नाही. लाईट आली, की लायटर मारायचा बेत होता.

"गॅस सुरूच ठेवला?"

"मशीनच बंद, तर गॅस कुठून येईन साहेब?"

शेतातली वीज पाळीने येते. ती आलेली कळावी म्हणून मोटरपंपाचे बटण लावून ठेवायचे, ही सर्वांचीच सवय. त्या सवयीत त्यांनी गॅसही धरला होता. गॅस विजेची वाट पाहत नाही. तो हवेपेक्षा जड असतो. ताडपत्रीच्या आत, खोलगट जागेत तो साचत गेला. लाईट आली, सैल तारांत ठिणगी पडली. सळई फिरते का, हे पाहायला बाई त्याच वेळी पोहोचल्या होत्या. रेग्युलेटर बंद झाला नसता, तर भडका तेवढ्यावर थांबला नसता.

मालकांनी नवा जबाब दिला : बटणे मीच उघडी ठेवली होती, माझ्या भावाविरुद्ध तक्रार नाही. भावाकडे मात्र त्यांनी पाहिले नाही. बोलल्या त्या बाईच.

"पाहाले आलते, तर समोरून यायचं होतं भाऊजी. चहा तरी भेटला असता."

जाताना त्याने वहिनींच्या हातातली औषधांची पिशवी घेतली.

त्यानंतर आगीच्या प्रत्येक प्रकरणात मी माणसांच्या आधी बटणांची चौकशी केली. शत्रुत्व लगेच दिसते आणि तपास तिकडेच ओढला जातो. सवय दिसत नाही, कारण ती सांगणाऱ्यालाही सांगण्याजोगी वाटत नाही. मालक माझ्याशी खोटे बोलले नव्हते.

शेवटच्या जबाबावर सही होत असतानाच ठाण्याची लाईट गेली. कोपऱ्यात चहाच्या विजेच्या शेगडीचे बटण सुरूच होते. हवालदार म्हणाला, राहू द्या साहेब, लाईट आलेली कळेल. मी उठलो, बटण बंद केले, प्लग काढला आणि वायर गुंडाळून कपाटात ठेवली.