न पाहिलेल्या बाजूचा अँटेना

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात राहणाऱ्या सुप्रीताबाई रोज बसने हुणसूरला जाऊन शाळेत गणित शिकवतात. उरलेल्या वेळात त्या संगणकावर अवकाशयाने घडवतात. जगभरचे हौशी लोक ती अवकाश-सिम्युलेटरमध्ये उडवतात. प्रत्येक स्क्रूचे माप खरे असावे आणि फोटोत जे दिसत नाही ते कोरे ठेवावे, असा त्यांचा नेम आहे.

गेल्या वर्षी एका खासगी विज्ञान संग्रहालयाने पन्नास वर्षांपूर्वीच्या एका लहान उपग्रहाची धातूची प्रतिकृती करायला घेतली. मूळ आराखडे सापडत नव्हते, म्हणून सुप्रीताबाईंचे मॉडेल प्रमाण मानले गेले. उद्घाटनाला नऊ दिवस उरले असताना त्यांना आपली चूक दिसली. उपग्रहाचा अर्धा भाग घडवून दुसरा अर्धा त्यांनी ‘मिरर’ आज्ञेने उमटवला होता. त्यासरशी एका बाजूचा अँटेना दुसऱ्याही बाजूला उमटला आणि पुसायचा राहिला. त्या बाजूचा एकही फोटो उपलब्ध नाही.

 कळवावे तर इतक्या वर्षांचा विश्वास जाणार. गप्प राहावे तर चूक धातूत कायमची होणार. दोन दिवसांनी त्यांनी संग्रहालयाच्या प्रमुख अंबुजा यांना फोन केला. उत्तर ऐकून भीती वाढलीच. काळजी नको, अंबुजा म्हणाल्या. मूळ उपग्रह जोडणाऱ्या चमूतल्या रघुनाथरावांनी तो अँटेना स्वतः बसवल्याचे सहीनिशी लिहून दिले आहे.

ही हकिकत लिहिण्यासाठी ते निवेदन मी तपासले आहे. त्याला सुप्रीताबाईंच्याच मॉडेलचे चित्र जोडलेले आहे.

रविवारी सुप्रीताबाई रघुनाथरावांच्या गोकुलम भागातल्या घरी गेल्या. ऐंशी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी कॉफी मागवली आणि सुट्टीच्या दिवशीही पेपर तपासायला आलीस काय, म्हणून चेष्टा केली. मग न विचारताच सांगू लागले: चार स्क्रू होते, शेवटचा बसेना, बोट कापले.

“काका, माझं चित्र बघायच्या आधी हे आठवत होतं तुम्हाला?”

“असं कसं विचारतेस? मीच बसवला की.”

सुप्रीताबाईंनी लॅपटॉप उघडून चूक कशी झाली ते दाखवले. रघुनाथराव पडद्याकडे न बघता आपले बोट निरखत राहिले. त्यावर वण नव्हता.

“सुम्ने, उगाच लिहिलं नाही गं मी,” ते हळूच म्हणाले. “बोट दुखलेलं आठवतं मला. मग बाकीचं जे आठवतं, त्यातलं माझं कुठलं?”

 सुप्रीताबाईंनी तिथेच बसून संग्रहालयाला पत्र लिहिले. त्याखाली रघुनाथरावांनी निवेदन मागे घेत असल्याची सही केली. सही तीनदा करावी लागली.

त्या बाजूला अँटेना नव्हताच, असे मी म्हणू शकत नाही. पुरावा कशालाच नाही. प्रतिकृतीवरून तो काढण्यात आला. रघुनाथराव उद्घाटनाला आले नाहीत. प्रतिकृतीसमोर उभे राहिल्यावर आणखी काय काय आठवेल याची धास्ती वाटते, असा निरोप त्यांनी धाडला.